‘घर बंद’ असा शेरा

आमच्या कफ्र सवाकी गावात एखाद्या घराच्या पायरीवर टक्कल पडलेला, जाडजूड माणूस मांडीवर खाकी पिशवी घेऊन बसलेला दिसला, की समजायचं, घरात कुणी नाही आणि कोर्टाचा कागद आलाय. हा बैयूमी, आमच्या कोर्टाचा बेलिफ. घरचं माणूस आल्याशिवाय हा जागचा हलायचा नाही. ऊन तापू दे, धूळ उडू दे, दुपारची बांग होऊन जाऊ दे, हा आपला बसलेला. शेजारपाजारच्या बायका चेष्टा करतात, "काय बैयूमी, पायरी लग्नात आंदण मिळाली का रे?" तो ओशाळवाणं हसतो आणि बसून राहतो. नव्या भरतीचे बेलिफ तर तोंडावर म्हणतात, म्हातारा वेडा झालाय.

वेडा कसला! शहाणा झालाय. ते शहाणपण त्याला कुठून आलं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. म्हणून मी सांगतो.

आधीचा बैयूमी तुम्ही पाहायला हवा होता. पाट्या टाकाव्यात तर त्यानंच! सकाळी हेड कारकून बर्सूम समन्सांचा गठ्ठा त्याच्या हातात द्यायचा, आणि हा गठ्ठा काखेत मारून गल्ल्यांकडे न जाता सरळ कोर्टासमोरच्या दुसूकीच्या चहाच्या दुकानात. पंख्याखालची खुर्ची त्याची ठरलेली. पुदिन्याचा चहा यायचा, एक पाय दुसऱ्या पायावर चढायचा, आणि मग एकेका कागदाच्या पाठीवर शेरा पडायचा: ‘गेलो असता घर बंद आढळले. कागद ठाण्यात जमा केला.’ खाली सही. कायद्यात तशी सोय आहे. घर बंद असेल तर कागद पोलीस ठाण्यात द्यायचा, म्हणजे तो बजावला असं धरतात. ठाण्यातल्या कपाटात असे कागद वर्षानुवर्षं झोपा काढत पडलेले असतात. इकडे ज्याच्या नावाचा कागद, तो बिचारा आपल्या शेतात नाहीतर दुकानात. त्याला पत्ताच नाही की आपल्यावर खटला चाललाय.

"सगळेच करतात," बैयूमी म्हणायचा. "गल्ल्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत, आणि मला पाय दोनच." ते खोटंही नव्हतं. सगळेच करत होते. पण म्हणून काय झालं?

आता उम्म हिलालविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बैयूमी जन्मला तेव्हा त्याची आई तापानं फणफणलेली होती, अंगावर दूध नव्हतं. पलीकडच्या जांभळीच्या गल्लीत उम्म हिलालला नुकताच मुलगा झाला होता, हिलाल. तिनं एका बाजूला हिलाल आणि दुसऱ्या बाजूला बैयूमी असं दोघांना दोन वर्षं पाजलं. आमच्यात दूध पाजलं की ती आईच झाली. तिच्या मुली बहिणी झाल्या, त्यांच्याशी लग्न नाही, त्यांच्यापुढं पडदाही नाही. बैयूमी लहानपणापासून त्या घरात विचारल्याशिवाय शिरायचा. विचारणार तरी कुणाला? त्या घराला दारच नव्हतं. हिलालच्या लग्नात मोठे हंडे आत न्यायला दाराची फळी काढली ती काढलीच. पुढं वाळवी लागून ती सरपणात गेली, आणि चौकटीला एक जाड पट्ट्यापट्ट्यांचा पडदा लागला. गल्लीतली एकुलती एक मातीची भट्टी तिच्याकडे. दर सोमवारी आणि गुरुवारी दहा घरच्या बायका पीठ घेऊन यायच्या, दिवसभर ये-जा. दार असतं तरी बंद कधी झालं असतं?

आणि तिचं खरं नाव? ते बैयूमीला माहीत नव्हतं. दचकू नका. आमच्याकडे बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं. आईचं तर नाहीच नाही. मुलगा झाला की ती अमक्याची आई, उम्म अमका. पोरांना आईचं नाव बाहेर कुणी विचारलं तर पोरं मारामारीवर येतात. चाळीस वर्षं तिच्या हातचं खाऊन बैयूमीला ती फक्त उम्म हिलाल म्हणून ठाऊक, आणि तोंडावर अम्मा.

झालं काय, की शेजारच्या मुलीच्या मेंदीला रोषणाई करायची म्हणून तरुण पोरांनी खांबावरून वायर ओढली आणि ती उम्म हिलालच्या गच्चीवरून नेली. गाणीबजावणी झाली, मुलगी सासरी गेली, वायर तशीच राहिली. चौथ्या दिवशी वीजकंपनीचा तपासनीस आला. उम्म हिलालनं त्याला बसवलं, चहा दिला, भट्टीतली गरम भाकरी आणि खारट चीज दिलं. त्यानं पोटभर खाल्लं आणि मग वही काढून विचारलं, "आई, तुझं नाव काय?"

तिला केवढं अप्रूप वाटलं! किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि शाळेतल्या मुलीसारखं खणखणीत सांगितलं, "नबविया अब्दुल-बारी शिहाता." त्यानं लिहून घेतलं. वीजचोरी.

काही महिन्यांनी त्या नावाचा कागद बैयूमीच्या गठ्ठ्यात आला. दुसूकीच्या दुकानात त्यानं तो उलटा केला, नाव अर्धं वाचलं, पत्ता वाचलाही नाही, आणि लिहिलं: घर बंद. चहा गार व्हायला लागला होता.

कोर्टानं तारखेला पुकारा केला, कुणी आलं नाही. गैरहजेरीत दोन महिन्यांची कैद ठोठावली. तो निकाल तीन वर्षं संगणकात पडून होता.

मग हिलालनं कुवेतहून आईसाठी मक्केच्या उमरा यात्रेचं तिकीट पाठवलं. गल्लीत आनंदाला उधाण आलं. उम्म हिलालनं पांढरे कपडे शिवून घेतले. निघताना बायकांनी जिभा हलवून असे चीत्कार काढले की कबुतरं उडाली. बैयूमीनं तिची पेटी स्वतः गाडीत ठेवली. तिनं त्याचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. "काबाच्या समोर उभी राहून तुझ्यासाठी मागीन, लेका. काय मागू?"

"माझी बदली कलम खात्यात, खुर्चीवर बसून लिहायच्या कामावर व्हावी म्हणून माग, अम्मा. पाय दुखतात," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

दोन दिवसांनी सकाळी कोर्टाच्या आवारात कैद्यांची गाडी आली. बैयूमी गठ्ठा घेऊन बाहेर पडत होता. मागच्या दारानं एक पाकीटमार बाई उतरली, आणि तिच्या हाताला एकाच बेडीनं जोडलेली पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी. कपडे आता पांढरे राहिले नव्हते. बैयूमी गठ्ठा तिथंच टाकून धावला.

"अम्मा! अगं, हे काय?"

"विमानतळावर अडवलं रे," ती म्हणाली. आवाज बसला होता. "म्हणतात तुला शिक्षा झालीय. कसली शिक्षा? काहीतरी घोटाळा आहे बघ. बरं झालं तू भेटलास. तू कोर्टातला माणूस. जा, आत जाऊन बघ जरा."

तू कोर्टातला माणूस! त्याची छाती फुगली हो. तो ताडताड बर्सूमकडे गेला, टेबलावर हात आपटला. "माझ्या दूधआईला धरून आणलंय! कुठल्या गाढवानं काय करून ठेवलंय ते बघू दे मला."

"नाव?"

नाव बैयूमीला कुठं ठाऊक होतं? बर्सूमनंच गाडीबरोबर आलेला कागद पाहून नाव वाचलं आणि जुन्या फायलींतून एक काढली. त्यातला समन्स उलटा केला. मग त्यानं फाइल टेबलावर फिरवून बैयूमीपुढं सरकवली.

"गाढवाचं अक्षर ओळखतोस का बघ," तो म्हणाला.

बैयूमी बाहेर आला तेव्हा ती भिंतीच्या सावलीत उकिडवी बसली होती. तिनं मोठ्या आशेनं वर पाहिलं. त्याला तिच्याकडे बघवेना.

"नीट कळत नाही, अम्मा. वरून आलंय काहीतरी."

हे दुसरं खोटं. पहिलं निदान नाव धड न वाचता लिहिलं होतं. हे तिच्या तोंडावर बोललं.

गल्लीनं माजिदा नावाची वकीलबाई गाठून दिली. वयानं लहान, पण जिभेला धार. तिनं त्याच दिवशी निकालाविरुद्ध अर्ज टाकून उम्म हिलालला सोडवून घेतलं. "काळजी करू नका, मावशी," ती म्हणाली. "कागद तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, हे दाखवलं की संपलं. तीन वर्षं उलटलीत, खटलाच बाद होतो. तुमच्या नावाला डाग लागणार नाही."

पहिल्या तारखेला बैयूमी मागच्या बाकावर खांबाआड बसला होता. माजिदानं समन्स हातात धरला. "साहेब, बेलिफ लिहितो, घर बंद आढळले. या बाईच्या घराला दारच नाही! पडदा आहे. पडद्याला कुलूप घालतात का?"

अख्खं कोर्ट हसलं. पहारेकरी हसले, वकील हसले, पिंजऱ्यातले आरोपीसुद्धा हसले. बैयूमीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. "बेलिफ, बैयूमी अस्-सय्यद सलीम. हा शेरा खोटा ठरला तर सरकारी कागदात बनाव केल्याचा गुन्हा होतो. मी प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवीन. ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं घर पाहून अहवाल द्यावा. पुढच्या सोमवारी बेलिफ हजर राहील."

पूर्ण नाव ऐकलं तेव्हा उम्म हिलालनं मान वळवली. खांबाआडून त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. ती त्याच्याकडे रागानं बघत नव्हती. लहानपणी तो पडून आला की कुठं लागलंय ते ती आधी शोधायची, तशी बघत होती. त्यानं मान खाली घातली.

तो आठवडा त्यानं कसा काढला, त्याचं त्यालाच माहीत. जांभळीच्या गल्लीवरून जायला लागू नये म्हणून तो कालव्याला वळसा घालून घरी जायचा. गुरुवारी नेहमीप्रमाणे तिच्याकडून तुपातली पापुद्र्यांची फितीर आली, फडक्यात बांधलेली, अजून गरम. फडकं न सोडताच त्यानं ती बायकोपुढं सरकवली.

"मी सोमवारी खरं सांगणार," तो बायकोला म्हणाला.

रतीबा काही दुष्ट बाई नव्हे. तिनं हातातलं काम ठेवलं. "सांग की. तुला तुरुंग, पेन्शन गेली, आणि शुक्रवारी आपल्या पोरीचं ठरायचंय ते लोक दारातूनच परत जातील. बेलिफ व्याही म्हणून हो म्हणाले होते, कैदी व्याही म्हणून नाही."

"ती माझी आई आहे गं."

"मग गठ्ठ्यात नाव आलं तेव्हा कुठं गेली होती तुझी आई?"

पण सोमवारी पहाटेची नमाज पढून उठताना त्यानं ठरवलं, बोलायचं. रस्ताभर तो वाक्य घोकत गेला. मी गेलो नव्हतो, साहेब. मी चहाच्या दुकानात बसून लिहिलं. एवढंच तर म्हणायचं होतं.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी ठाण्याचा अहवाल उघडला आणि भुवया वर केल्या. "अहवालात लिहिलंय, घराला लाकडी दार असून लोखंडी कडी आणि कुलूप आहे."

माजिदाचं तोंड उघडंच राहिलं. बैयूमीही चक्रावला. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला हायसं वाटलं. अधिकारीही गेलाच नाही म्हणायचा! त्यानंही दुसूकीकडे बसून खरडलं. सगळेच करतात.

"आरोपीचं काय म्हणणं आहे?"

उम्म हिलाल कठड्याला धरून उभी राहिली. "दार आहे, साहेब. वकीलबाई पोर आहे, तिला पडदा तेवढा दिसला. आणि त्या दिवशी मी बहिणीकडे गेले होते. कुलूप लावून."

"मावशी!" माजिदा खेकसली.

"म्हणजे बेलिफ आला तेव्हा घर बंद होतं?"

"बंदच असणार. त्या लेकराचा काय दोष? तो आला असेल, बंद बघून गेला असेल."

न्यायाधीशांनी बैयूमीकडे पाहिलं. "बेलिफ, तू स्वतः गेला होतास?"

घोकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. समोर ती उभी होती, मक्केला जायच्या त्याच कपड्यांत, धुऊन इस्त्री केलेल्या. नुकतीच त्याच्यासाठी कोर्टात खोटं बोललेली. चाळीस वर्षांत तिला कुणी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"होय साहेब," बैयूमी म्हणाला.

मग काय उरलं? कागद बजावला गेला असं ठरलं, खटला उभा राहिला, वायर गच्चीवर होती हे तिनं आधीच कबूल केलं होतं. वय बघून न्यायाधीशांनी कैद स्थगित ठेवली, पण दोषी ते दोषी. कारकुनानं तिची दहाही बोटं शाईत बुडवून ठसे घेतले. नबविया अब्दुल-बारी शिहाता, वीजचोर. माजिदा पाय आपटत निघून गेली. उमरा तर गेलीच. हिलालनं पुढं पुन्हा म्हटलं, पण विमानतळाचं नाव काढलं की ती हात जोडायची. ती कधीच गेली नाही.

बैयूमी त्या दुपारी कामावर थांबला नाही. तिचे पाय धरायचे, एवढंच डोक्यात होतं. कालव्याचा वळसा न घेता तो सरळ जांभळीच्या गल्लीत शिरला. सवयीनं पडदा सारायला हात पुढं केला आणि तसाच राहिला.

पडदा नव्हता. चौकटीत कोरं करकरीत दार होतं. रंग दिलेला नव्हता, लाकडाचा वास येत होता, उंबऱ्यापाशी भुसा पडला होता. लोखंडी कडी, कुलूप, सगळं होतं. अधिकारी येऊन गेला होता. त्या सबंध फायलीत तो एकच कागद खरा होता.

पायरीवर पिठाची परात घेऊन बसलेली एक शेजारीण त्याच्याकडे न बघता म्हणाली, "कोर्टाच्या पहिल्या तारखेहून आली ती सरळ सुताराकडेच गेली. दोन दिवस त्याच्या दुकानातून उठली नाही. आता आम्हाला भाकरी भाजायला दार वाजवावं लागतं."

बैयूमीनं दार वाजवलं. या घराचं दार त्यानं जन्मात वाजवलं नव्हतं.

"कोण?" आतून आवाज आला.

हेही त्याला इथं कधी कुणी विचारलं नव्हतं. तुझा लेक, असं ओठावर आलं. ते बाहेर पडेना.

"मी. बैयूमी."

"कुठला बैयूमी?"

त्यानं गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. बायकांचे हात पिठात थांबले होते. कोपऱ्यावर न्हाव्याच्या दुकानातले पुरुष माना वर करून बघत होते.

"कोर्टाचा," तो हळूच म्हणाला.

"मग कोर्टाचा माणूस येतो तसा ये. कुणाच्या घरी आलायस? नाव पुकार."

"अम्मा, नको गं. लोक आहेत."

"पुकार, लेका. त्या दिवशी पुकारायचं होतंस ना?"

आतून भट्टीत लाकूड तडकल्याचा आवाज तेवढा येत होता. बैयूमीनं कपाळ त्या कोऱ्या दाराला टेकवलं. तो रडत होता, आणि ते सगळ्या गल्लीला दिसत होतं. मग तो सरळ उभा राहिला, दोन पावलं मागं सरला, आणि चारचौघांत, पुरुषांच्या देखत, आईचं नाव मोठ्यानं पुकारलं.

"नबविया अब्दुल-बारी शिहाता!"

गल्लीत कुणी हसलं नाही. कडी निघाली. ती दारात उभी होती, बोटांना अजून शाई, आणि त्या बोटांत एक गरम भाकरी.

"हजर," ती म्हणाली. "ये आत. जेवला नसशील."